मंजुळा गोगलगायीची सायकल

टपाल कचेरीच्या मागे एक तळे होते. तळ्याकाठी मंजुळा नावाची गोगलगाय राहत असे. ती चाले सरक सरक सरक. सकाळी निघाली, की दुपारी शेजारच्या गवतापाशी पोहोचे.

आणि तिला छंद कसला? गाड्यांचा! जुन्या पाकिटांवरची टपाल तिकिटे ती जमवी. वर काळा गोल शिक्का, आणि शिक्क्याखाली गाडीचे चित्र. फुटक्या कौलाखाली तिची रिक्षा होती. बस होती. टांगा होता. बैलगाडी होती.

सायकल मात्र नव्हती.

एके दिवशी कचेरीमागच्या कचऱ्यात तिला सायकल मिळाली! हिरव्या तिकिटावर लाल सायकल. मंजुळेने पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवला. तिकीट अलगद सुटले. ते वाळवायला तिने एक छान खडक शोधला. काळा, उबदार, गुळगुळीत. त्यावर तिने तिकीट पसरले. चांगले दाबून बसवले.

खडक म्हणाला, "ऑंऽऽ!"

खडक उठला. खडकाला शिंगे होती. ती तर म्हैस होती!

मंजुळा घरंगळली. टप्! म्हैस गेली आणि बाभळीखाली बसली. तिकिटामागचा डिंक ओला होता. तो वाळला. सायकल म्हशीच्या पाठीला घट्ट चिकटली.

मंजुळा निघाली. सरक सरक सरक.

"म्हशीबाई, म्हशीबाई, माझी सायकल द्या."

"सायकल?" म्हैस हसली. "अगं, तुला पाय एक. पायडल मारणार कशी? बरे, थांब. शेपटीने झटकते."

"नको, नको! तिकिटाच्या कडेचे दाते तुटतील. आपण तळ्यात उतरा. तिकीट भिजेल, सायकल सुटेल."

"बेडकाने डराव केल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही. आमच्या घराण्याची रीत आहे. पण त्वरा कर हो! माशी बसली, की माझी शेपटी कोणाचे ऐकत नाही."

मंजुळा निघाली. सरक सरक सरक.

"बेडूकराव, बेडूकराव, डराव करा!
बेडूक ओरडत नाही, म्हैस उतरत नाही.
म्हैस उतरत नाही, तिकीट भिजत नाही.
तिकीट भिजत नाही, सायकल सुटत नाही!"

"शूऽ!" बेडूक कुजबुजला. "तिथे बगळा उभा आहे. तो उडेपर्यंत माझे तोंड बंद. तू मात्र जपून जा. भरधाव जाशील आणि कुठे तरी आपटशील!"

मंजुळा निघाली. सरक सरक सरक.

"बगळेमहाराज, बगळेमहाराज, उडा!
बगळा उडत नाही, बेडूक ओरडत नाही.
बेडूक ओरडत नाही, म्हैस उतरत नाही.
म्हैस उतरत नाही, तिकीट भिजत नाही.
तिकीट भिजत नाही, सायकल सुटत नाही!"

बगळ्याने एक डोळा उघडला. "त्या ढगाने ऊन अडवले. माझे पंख गारठले. ऊन पडले, की उडेन. जा, ढगाला सांग. सायकलवरून गेलीस, तर लवकर पोहोचशील." आणि त्याने डोळा मिटला.

मंजुळा निघाली. सरक सरक सरक. उंच गवताच्या अगदी टोकावर चढली.

"ढगदादा, ढगदादा, सरका!
ढग सरकत नाही, बगळा उडत नाही.
बगळा उडत नाही, बेडूक ओरडत नाही.
बेडूक ओरडत नाही, म्हैस उतरत नाही.
म्हैस उतरत नाही, तिकीट भिजत नाही.
तिकीट भिजत नाही, सायकल सुटत नाही!"

"बाई गं, मी तर तुझ्याहून आळशी," ढग जांभई देत म्हणाला. "वारा ढकलेल, तेव्हा सरकेन. तो बघ, वेळूच्या बनात लोळतो आहे."

इकडे म्हशीच्या कानावर माशी बसली. शेपटी हलली. सप्! माशी पाठीभोवती घोंगावू लागली. आता?

मंजुळा घाईने निघाली. सरक सरक सरक.

"वारेबुवा, वारेबुवा, वाहा!
वारा वाहत नाही, ढग सरकत नाही.
ढग सरकत नाही, बगळा उडत नाही.
बगळा उडत नाही, बेडूक ओरडत नाही.
बेडूक ओरडत नाही, म्हैस उतरत नाही.
म्हैस उतरत नाही, तिकीट भिजत नाही.
तिकीट भिजत नाही, सायकल सुटत नाही!"

वारा फुगून बसला. "मी नाही वाहत! पतंगांना मी फिरवतो. पानांना मी फिरवतो. मला कधी कोणी फिरवले आहे का?"

मंजुळेने विचार केला. मग शंख जरासा पुसला.

"बसावे, वारेबुवा. माझ्या पाठीवर बसावे."

वारा ऐटीत बसला. मंजुळा निघाली. सरक सरक सरक.

"अगं, चल ना!" वारा म्हणाला.

"चाललेच आहे."

"पण निघणार कधी?"

"निघून बराच वेळ झाला, वारेबुवा. आता वळण आले आहे. घट्ट धरावे."

वाऱ्याला हसू आले. हसू आवरेना. फू फू फू! फू फू फू! म्हशीभोवतीची माशीसुद्धा उडून गेली.

वारा हसला, ढग सरकला.
ढग सरकला, ऊन पडले.
ऊन पडले, बगळा उडाला. फड फड फड!
बगळा उडाला, बेडूक ओरडला. डराव डराव!
बेडूक ओरडला, म्हैस उतरली. डुबुक!
म्हैस उतरली, तिकीट भिजले.
तिकीट भिजले, सायकल सुटली!

लाटेवर डुलत डुलत सायकल काठाला लागली. मंजुळेने एकेक दाता तपासला. सगळे शाबूत होते. सायकल उन्हात वाळली, आणि कौलाखाली बैलगाडीशेजारी जाऊन बसली.

आता प्रत्येकाला गाड्या पाहायच्या होत्या. बेडकाने कौल उलटले. म्हशीने नाक पुढे केले. फुस्स! बस उडाली. टांगा उलटला.

"म्हशीबाई!" मंजुळा म्हणाली. "गाड्या पाहताना श्वास रोखावा."

म्हशीने श्वास रोखला. बेडकाने श्वास रोखला. बाभळीवरच्या बगळ्याने श्वास रोखला.

आणि वारा? वाऱ्यानेसुद्धा.