दोन पायांचं गाजर

शाल्मलीचा ताप परवाच उतरला, तरी काल रात्रभर मी तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. थर्मामीटर उशाशीच होता. शिकलेली बाई मी, पण त्याच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि स्वतःच्या हातावर तर त्याहूनही नाही. सकाळी ती म्हणाली, गोष्ट सांग. मला सासूबाईंकडून ऐकलेली एकच आठवली, आणि तीही नेमकी भीतीची.

फार वर्षांपूर्वी कोकणातल्या खाजणवाडीत घाटावरून एक सून आली, सगुणा. येताना तिनं कमरेच्या पिशवीतून गाजराचं बी आणलं. खाजणवाडीनं गाजर पाहिलेलंच नव्हतं. शेतात भात, परसात अळू नि पडवळ, एवढंच त्यांचं जग. सगुणानं विहिरीच्या कडेची तांबडी माती खणली, खडे वेचले, चाळणीनं चाळली आणि थंडी पडल्यावर बी टाकलं. असं म्हणतात, ती माती इतकी मऊ होती की कावळा उतरला तर त्याचे पाय रुतायचे.

रोपं बोटभर झाली आणि तिची लहानगी बायो तापानं पडली. सगुणा तिच्या उशापासून हलेना. तेव्हा शेजारच्या तानूकाकीनं बायका जमवल्या. "बिचारीचा तरवा दाटलाय गो, लावणी करून टाकू." भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपांची, करतात तशी त्यांनी ती उपटली आणि सरळ ओळीत पुन्हा लावली. मायेनंच केलं सगळं.

पण उपटताना गाजराचं कोवळं मूळ तुटतं, आणि तुटलेल्या मुळाला फाटे फुटतात. खाजणवाडीला हे कुठून माहीत? बायोचा ताप जात-येत राहिला. काढणीला पहिलं गाजर निघालं, त्याला दोन पाय होते. पुढच्याला हातही होते. तोवर गावात घरोघर पोरं तापली होती.

"हिनं परसात पोरं पेरलीत," कुणीतरी म्हणालं. "आपली ओढून घेतेय जमिनीत."

असं म्हणतात, त्या दुपारी वाफ्यातली गाजरं हळू कण्हत होती, आणि गावातलं एकही कुत्रं तिकडे फिरकत नव्हतं.

गावचे मुख्य, गावकर, आले. "सगुणा, पोरीला घे नि घाट चढ. परसाला आम्ही आग लावतो."

तापलेलं पोर कडेवर घेऊन घाट चढायचा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगुणानं वाफ्यातल्या सरळ ओळी पाहिल्या आणि तिला उमगलं. ती म्हणाली, "लावणी केली की होतं असं. मूळ तुटतं." लावणी कुणी केली, ते विचारलं नाही. तानूकाकी गर्दीतच होती. पदराचं टोक पिळत राहिली.

"मग खाऊन दाखव," गावकर म्हणाले. "नि पोरीलाही दे."

सगुणानं गाजर धुतलं, चावलं, गिळलं. मग दुसरा घास चावून मऊ केला आणि बायोच्या तोंडात घातला. पोर आपल्या तापानं गेली असती, तरी दोष गाजराचाच ठरणार होता. असं म्हणतात, त्या एका घासात सगुणाचे केस पांढरे झाले.

अंगणात सगळे बसून राहिले. बायोची हालचाल थांबली. एका बाईनं गळा काढला. आणि सूर्य टेकता टेकता बायोच्या कपाळावर घाम फुटला, इतका की अंगणाची माती ओली झाली. असं म्हणतात, त्याच वेळी घरोघरची पोरं घामानं भिजली. बायोनं डोळे उघडले. "अजून दे," म्हणाली.

खाजणवाडीत आजही गाजराची लावणी करत नाहीत, बी पडेल तिथंच वाढू देतात. दोन पायांचं पहिलं गाजर निघालं की ते कुणी टाकत नाही. अंगणात सगळ्यांदेखत आई सगुणाक्काचं नाव घेते, आधी स्वतः घास खाते, मग पोराला देते. सूर्य बुडेपर्यंत कुणी जागचं उठत नाही.

मला वाटलं, शाल्मली आता घाबरून बिलगणार. नुकत्याच तापातून उठलेल्या पोरीला ही गोष्ट सांगितली म्हणून मी मनात स्वतःला बोल लावायला लागलेच होते. ती बराच वेळ पांघरुणाचा काठ चावत राहिली. मग म्हणाली, "तानूकाकीनं सॉरी म्हटलं का नंतर?"