पिस्टनरावांची गळाभेट

इंजिनातले भागसुद्धा सणवार पाळायचे, तेव्हाची ही गोष्ट.

एका जीपमध्ये पिस्टनराव राहायचे. त्यांच्याच सिलिंडरच्या खोलीत वरून व्हॉल्व्हभाऊ उतरायचे. पण पिस्टनराव वर पोचेपर्यंत व्हॉल्व्हभाऊ निघून गेलेले असायचे. टायमिंग बेल्ट नावाच्या म्हाताऱ्या पट्ट्यानं तशी पाळीच लावून दिली होती. एका घरात जन्म गेला, पण साधी तोंडओळख नाही!

दसऱ्याला जीपला झेंडूचा हार चढला आणि पिस्टनरावांचा ऊर भरून आला. "आज मी व्हॉल्व्हभाऊंना सोनं देणार आणि कडकडून भेटणार. आज वैरीसुद्धा भेटतात!"

"खोलीत दोघांना जागा नाही हो," पट्टा बाहेरून म्हणाला. "त्यात माझे दात झिजलेत, अंगाला भेगा पडल्यात. उगाच ओढाताण नको."

"तू घराबाहेरचा! दोन भावांच्या मध्ये पडणारा तू कोण?" पिस्टनराव गरजले आणि घाटाच्या चढावर असे काही उसळले की पट्टा तटकन तुटला.

व्हॉल्व्हभाऊ खोलीतच अडकले. नसलेले हात पसरून पिस्टनराव भरधाव वर आले. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!"

खाडकन आवाज झाला आणि जीप जागीच थांबली.

गॅरेजात दोघांना एकाच घमेल्यात टाकलं. पिस्टनरावांच्या टाळूला भोक पडलं होतं. व्हॉल्व्हभाऊ कमरेत वाकून कायमचे नमस्कार घालत होते.

"इथं जागा ऐसपैस आहे," व्हॉल्व्हभाऊ म्हणाले.

समोर मिस्त्री जीपला नवा पट्टा चढवत होता आणि आतून नवा पिस्टन विचारत होता, "हा कोण हो मध्ये पडणारा?"