थापांचा बांध

दमलात? बसा जरा. खाली वेशीत कुणीतरी सांगितलं होतं ना, की माळावर चढलं की लिंबाखाली चहाची टपरी आहे? ती टपरी कुठं गेली ते मागाहून बघू. आधी समोर बघा.

हा बांध. छातीइतका उंच, चुना नाही, माती नाही, नुसता धोंड्यावर धोंडा. लांबी चांगली तीनशे पावलं. अलीकडं शेत नाही, पलीकडंही शेत नाही. अलीकडं आहे कुसळीचा माळ, आणि पलीकडं... वाकून बघा, पण धरून वाका हं, शहरातल्या माणसाला वर काढायला दोर मोठा लागतो. पलीकडं घळ आहे. आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील इतकी. कुसळ वाळून पिवळं पडलं की दोन्ही काठांचं गवत एकात एक मिसळतं, आणि मध्ये जमीन संपली आहे हे दहा हातांवरूनही कळत नाही. मोठी शिकलेली माणसं येतात आणि विचारतात, हा कुठल्या किल्ल्याचा तट? आमची बोरखडीची माणसं तोंड गंभीर करून "हो, किल्ल्याचाच" म्हणतात, आणि मग मुकाट्यानं एक धोंडा उचलून बांधावर ठेवतात. का ठेवतात, त्याचीच ही गोष्ट.

फार मागे, या माळावर सशांची शिकार चालायची तेव्हाचं हे, असं सांगतात. बंदूक नाही, जाळं नाही. शिकार कुत्र्यांची. लांब तोंडाची, बारीक कमरेची, पोट पाठीला लागलेली कारवानी कुत्री. ही जात वासावर जात नाही, नजरेवर जाते. ससा दिसला की तिला काटा दिसत नाही, खड्डा दिसत नाही, मालकाची हाकसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून गळपट्ट्यातून शेला ओवायचा, त्याची दोन्ही टोकं मुठीत धरायची, आणि ससा उठून चाळीस पावलं गेला की एक टोक सोडायचं. चाळीसच्या आत सोडलं तर ती शिकार नव्हे, चोरी.

बोरखडीत म्हाकू नावाचा एक मेंढपाळ होता. हा थापा मारण्यात इतका पटाईत, की त्यानं "पाऊस आला" म्हटलं तर बायका वाळवण आणखी पसरायच्या. त्याची बायको धुरपा म्हणायची, "तुमच्या तोंडातनं खरं निघंल त्या दिवशी मी गावजेवण घालीन." पण या थापाड्याजवळ एक खरी वस्तू होती. लाही नावाची कुत्री. तव्यावरची लाही उडते तशी उठायची म्हणून लाही. दुधाच्या वाटीपासून म्हाकूनं तिला एक शिकवण दिली होती. दोन सुरांची शिट्टी वाजली की लाही असेल तिथं थांबायची, मग समोर ससा असो नाहीतर पळी भरून लोणी. मुलगा नव्हता म्हाकूला. जे काय होतं ते लाहीच.

एका शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी अमृतराव इनामदार पहिल्यांदाच या माळावर आले. संगतीला शिकरा नावाचा त्यांचा कुत्रा. साऱ्या मुलखात त्याच्या तोडीचा नव्हता, म्हणे. इनामदारांच्या कमरेला शिंग लावलेलं असायचं. ते फुंकलं की शिकरा कोसभरावरूनही माघारी यायचा. इनामदारांच्या मनात म्हाकूबद्दल एक जुनी अढी होती. आदल्या साली म्हाकूनं "परटाच्या तळ्यावर बगळ्यांचा थवा उतरलाय" म्हणून त्यांना भर दुपारी दोन कोस पिटाळलं होतं. तळ्यात पाणीसुद्धा नव्हतं.

"काय रे," इनामदार म्हणाले, "तुझी कुत्री ससा धरते म्हणे?"

"धरती? सरकार, ही माळावर आली की ससं आपनहून रांग लावत्यात."

भोवती जमलेली गावची माणसं हसली. इनामदार हसले नाहीत. "मग लाव पैज. एक ससा, दोन कुत्री. शिकऱ्यानं धरला तर लाही माझी. लाहीनं धरला तर शिकरा तुझा. आणि जे मधेच थांबेल ते हरलं."

इथं म्हाकूनं कान धरून "चेष्टा केली, सरकार" म्हणायला हवं होतं. लाहीनं जितके ससे धरले होते, तितकेच सोडलेही होते, हे त्याला ठाऊक होतं. पण समोर वीस माणसं दात काढून उभी. "लागली!" म्हणाला.

इनामदारांनी जाता जाता एकट्या म्हाकूला विचारलं, "मावळतीकडं माळ कसा आहे?"

"तळहातावानी, सरकार. पार दीस बुडतो तिथवर."

असं का म्हणाला? तर खरं सांगायला चार वाक्यं लागली असती, थाप एकातच भागली. शिवाय ससा नेहमी उगवतीच्या टेकाडाकडं, चढावर पळतो. मावळतीला कोण मरायला जातंय, असा त्याचा अंदाज. कुत्र्याबरोबर जन्म काढलेल्या माणसाची चूक ती हीच, की ससा कुठं वळेल हेही त्यानं आपणच ठरवून टाकलं.

माणसं ओळीनं कुसळ झोडपत निघाली. इनामदार घोड्यावरून टेकाडावर जाऊन उभे राहिले, सगळं दिसावं म्हणून. म्हाकूच्या एका मुठीत लाहीचा शेला, शेजारी इनामदारांच्या माणसाच्या मुठीत शिकऱ्याचा. दोन्ही शेले ताणलेले.

म्हाकूच्या पायाजवळून ससा उठला. मोठा, करडा, कान पाठीला चिकटवलेला. टेकाडाकडं झेपावला, वर घोडा दिसला, आणि गर्रकन वळला. मावळतीकडं.

 चाळीस पावलं. कुणीतरी ओरडलं, "सोड!" आणि शिकऱ्याचा शेला सुटला. म्हाकूचीही मूठ उघडली. सवयीनं उघडली.

सांगतात, तशी दौड माळानं पुन्हा बघितली नाही. शिकरा दोन ढांगांत पुढं गेला. सशानं झुकांडी दिली, शिकरा घसरत लांब गेला आणि लाहीनं जागा घेतली. पुन्हा झुकांडी, पुन्हा शिकरा पुढं. दोघांची तोंडं सशाच्या शेपटीवर, पाय जमिनीला लागतात की नाही असे. माणसं बेभान होऊन ओरडत होती. एकटा म्हाकू ओरडत नव्हता. तो मावळतीच्या वेड्या बाभळीकडं बघत पुढं पळत सुटला होता. त्या बाभळीपासून पुढं शंभर पावलांवर माळ संपतो, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

इनामदार घोडा फेकत खाली आले. म्हाकूनं लगामच धरला.

"सरकार, शिंग फुका! म्होरं घळ हाय!"

"मघाशी तळहात होता ना? आता घळ आली?"

"आईच्यान सांगतो, घळ हाय! कुत्रा जाईल!"

"बगळ्यांच्या वेळीही आईच्यानच होतं. लाही मागं पडायला लागली म्हणून घळ उगवली होय रे? तुझी थाप ओळखतो मी." शिंग हातात होतं. ओठाला लावलं नाही.

म्हाकूनं मागं वळून माणसांकडं बघितलं. "सांगा की रं सरकारांना!" पण ती मागं राहिली होती, आणि तिथून त्यांना वाटलं, म्हाकू नेहमीसारखा नाचतोय. ती हसली.

कुत्री बाभळीजवळून गेली. शंभर पावलं. ऐंशी. लाही पुढं होती. ससा तिच्या दातांपासून वीतभर लांब होता. आणखी चार ढांगा, की पैज म्हाकूची; आणखी चौदा, की लाही कुणाचीच नाही. आणि मधेच थांबवली, तर लाही इनामदारांची.

म्हाकूनं दोन बोटं तोंडात घातली.

लाहीनं चारही पाय रोवले. धुळीचा लोट उठला. लोटातून ती मान वळवून मागं बघत होती, की आता कशाला? शिकरा तिच्या अंगावरून पुढं गेला. ससा काठावर काटकोनात वळला आणि गवतात नाहीसा झाला. शिकरा वळला नाही. कुसळीचे शेंडे एकदा हलले, मग हलायचे थांबले.

इनामदार खदखदून हसले. "थांबली! हरलास, म्हाकू!" आणि त्यांनी शिकऱ्याला परत बोलावायला शिंग फुंकलं. थांबले. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना दम पुरेना त्यांना.

म्हाकू कंबरेला दोर बांधून घळीत उतरला. शिकऱ्याला खांद्यावर घेऊन वर आला, इनामदारांच्या पायाशी ठेवला, आणि त्याच हातानं लाहीच्या पट्ट्यात शेला ओवून दोन्ही टोकं पुढं केली.

"न्या, सरकार."

"नको," इनामदार म्हणाले. "तू खरं बोलत होतास."

"न्यायलाच पाहिजे. न्हाई नेली तर उद्या गाव म्हनंल, म्हाकू घळ-घळ वरडला ते निस्तं आपली कुत्री राखायला. जलमात एकदा खरं बोललो सरकार, त्याची तरी थाप नका करू."

इनामदारांनी शेला घेतला. लाही जाताना तीनदा मागं वळली म्हणतात. म्हाकूनं शिट्टी वाजवली नाही. वाजवली असती तर ती आली असती, म्हणून तर नाही वाजवली.

मग म्हाकूनं माळावरचा एक धोंडा उचलून घळीच्या काठाला ठेवला. "ह्यो तळहाताचा." इनामदार घोड्यावर चढता चढता उतरले. त्यांनीही एक धोंडा आणून शेजारी टेकवला. "तुझी थाप ओळखतो म्हणालो होतो," म्हणाले. "हा त्याचा."

पुढं म्हाकू जगला तोवर रोज आठवेल ती थाप घेऊन माळावर यायचा आणि तिचा धोंडा रचायचा. धुरपा पदरात धोंडे आणून द्यायची आणि विसरलेल्या थापांची आठवणही करून द्यायची. तीनशे पावलांतली पहिली दोनशे एकट्या म्हाकूची.

आता सशाची शिकार कायद्यानं बंद आहे, आणि बरंच आहे. तरी आजही शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी बोरखडीची कुत्री माळावर नुसती पळायला सोडतात. लाहीची आधीची पिल्लं गावात वाढली होती, त्यांचा वंश तो. दोन सुरांची शिट्टी झाली की सगळी एकदम जागच्या जागी थांबतात, आणि वळून बघतात. आणि आजही या माळावर किंवा माळाबद्दल जो थाप मारील, त्यानं खाली उतरण्याआधी एक धोंडा ठेवायचा. सरपंचाला सवलत नाही. निवडणुकीच्या साली तर बांध हातभर वाढतो.

चला, ऊन चढलं. तो चपटा धोंडा द्या बरं इकडं. हा माझा, चहाच्या टपरीचा.

आणि गोष्टीचा? गोष्टीचा धोंडा इथं कुणी ठेवत नाही.