पहिल्या हाकेची ओ

दिवा बारीक करा आधी. हं. आता कुशीवर वळा, आणि कोणी कोणाला पाय लावायचा नाही. आज राजाची गोष्ट नाही. एक होतं गाव, आणि त्या गावाला राजाच नव्हता. राजासारखी जेवायला मात्र रोज रात्री डुकरं यायची.

गटाराकाठची डुकरं नव्हेत, बरं का. रानडुकरं. काळी, पाठीवर राठ केस ताठ उभे, तोंडातून वाकडे सुळे बाहेर आलेले. एका रात्रीत नाचणीचं अख्खं शेत आडवं करायची. खायची थोडं, तुडवायची फार. सकाळी माणूस बांधावर येऊन डोक्याला हात लावून बसायचा.

म्हणून गावातली माणसं रात्री शिकारीला जायची. त्यांच्यात धोंडबाचा हात कोणी धरत नव्हतं. एका पायानं लंगडा, मिशा पांढऱ्याफेक, पण ठासणीची बंदूक खांद्याला लावली की नेम चुकायचा नाही. त्याला एकुलता एक मुलगा, रायाजी. रायाजीची बायको सगुणा. ही गोष्ट खरी तिचीच आहे.

सगुणा लग्न होऊन आली, तेव्हा बायकांनी तिला उंबऱ्यावर अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. मग तिनं मान खाली घालून घेतलं:

"नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी,
कपाळीच्या कुंकवाचे धनी रायाजी."

इतकं हळू घेतलं, की बायका म्हणाल्या, ऐकूच आलं नाही, पुन्हा घे. पण ती काही पुन्हा घेईना. त्यानंतर तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कधी निघालं नाही. "अहो" नाहीतर "ऐकलंत का", बस. हसता काय? मी तरी तुमच्या आजोबांचं नाव कुठं घेते?

आता त्या रानाचे तीन नियम होते. ते नीट ऐका. रात्री रानाशिवारात कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, शीळ घालायची. दुसरा, पिल्लांच्या आईवर बार काढायचा नाही. आणि तिसरा, कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. कारण माणूस तीनदा हाक मारतो. रान एकदाच मारतं.

एके रात्री धोंडबा आणि रायाजी शेतातल्या माळ्यावर राखणीला बसले होते. आदल्याच रात्री डुकरांनी धोंडबाची नाचणी मातीत घातली होती. म्हातारा नुसता धुमसत होता. चांदणं पडलं होतं. मग बांधावरून एक मादी आली, मागं तीन पिल्लं, अंगावर पट्टे असलेली, अगदी एवढी एवढी. रायाजीनं बापाला कोपरानं ढोसलं, नको म्हणून. पण रागावलेल्या माणसाला कोपर कुठं कळतं? धोंडबानं बार काढला.

मादी पडली, उठली, आणि रानाकडे धावत सुटली. मग धोंडबाचं भान सुटलं. तो ओरडला, "रायाजीऽऽ! धर तिला!"

दोन नियम मोडले त्यानं, एका दमात.

रायाजी कोयता घेऊन उडी टाकून पळाला. रानाच्या कडेला मादी मरून पडली होती. म्हातारा मागं राहिला होता, लंगडत येत होता. तेवढ्यात रानाच्या आतून हाक आली. "रायाजीऽऽ." आवाज हुबेहूब धोंडबाचा. लेकराला वाटलं, बापच बोलावतोय, वाट चुकला असेल अंधारात. आणि तो म्हणाला, "ओऽ!"

झालं. तिसरा नियमही मोडला.

धोंडबा तिथं पोचला तेव्हा मेलेली मादी होती, कोयता होता, रायाजीच्या अंगावरची घोंगडी होती. रायाजी नव्हता. मऊ मातीत त्याच्या पावलांचे ठसे थोडे पुढं गेले होते, आणि मग पावलं नव्हती, खूर होते. म्हाताऱ्यानं खूर तेवढे पाहिले. त्याला वाटलं, डुकरांनी पोराला फाडलं आणि ओढून नेलं. सकाळी तो घरी आला, आणि सगुणासमोर घोंगडी ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. बंदूक तेवढी पुसत राहिला.

मग काय झालं, तीन दिवसांनी सगुणा पहाटे परसात भांडी घासत होती. कुंपणापाशी खसखस झाली. तिनं वर पाहिलं, तर एक तरणं डुक्कर उभं. त्याच्या पायांशी तीन पट्टेरी पिल्लं. शेजारी रताळ्यांचा वेल होता, पण त्याला तोंड लावत नव्हतं. नुसतं तिच्याकडे बघत होतं. आणि त्याच्या उजव्या कानात, बरं का, सोन्याची भिकबाळी होती, लाल खड्याची. सगुणाच्या बापानं लग्नात जावयाच्या कानात घातलेली.

तिनं किंकाळी मारली नाही. राखेचा हात तसाच राहिला. ती बघत राहिली, ते बघत राहिलं, आणि उजाडायला लागलं तसं ते पिल्लांना पुढं घालून रानात निघून गेलं.

सगुणा धावत सासऱ्याकडे गेली. "मामंजी, परसात आलं होतं जनावर. त्याच्या कानात ह्यांची बाळी हाय. मामंजी, ते हेच हायेत!"

धोंडबानं मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काही हललं, पण ते चांगलं नव्हतं.

"म्हंजे त्यानंच खाल्लं माझ्या पोराला," तो म्हणाला. "खाताना बाळी कानात अडकली आसंल. बरं केलंस पोरी, वळख सांगितलीस. आता त्यालाच मारतो."

बघा आता. सांगायला गेली एक, आणि झालं भलतंच. सगुणानं किती गयावया केली, पाय धरले, पण म्हातारा ऐकेना. लोक म्हणाले, नवरा गेला म्हणून सुनेला वेड लागलं.

त्या रात्री धोंडबा एकटा गेला. पहाटे एक डुक्कर ओढत घेऊन आला आणि अंगणात टाकलं. सगुणा दिवा घेऊन धावली. तिनं आधी उजवा कान पाहिला. बाळी नव्हती. दुसऱ्या रात्री म्हाताऱ्यानं आणखी एक आणलं. पुन्हा दिवा, पुन्हा कान. बाळी नव्हती. घरात मटण शिजत होतं, आणि सगुणा चुलीकडे पाठ करून बसली होती. आज नाही. पण उद्या?

मग ती गोदा सुईणीकडे गेली. गोदा फार म्हातारी होती. रायाजीची नाळ तिनंच कापली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, वेड लागलं असं काही म्हणाली नाही.

"पिल्लांची आई मारली तुझ्या सासऱ्यानं," गोदा म्हणाली. "आईच्या जागी रानानं तुझा नवरा ठेवलाय. नाव घिऊन नेलंय त्याला, नाव घेतलं तर परत यील. रानात जा रातीची, आन तीनदा हाक मार."

"मामंजींना सांगू का हाक मारायला?"

"नगं. त्याच्याच आवाजात रान बोललं. आता तो आवाज ऐकला की पोर भिऊन आणखी आत जाईल. तुलाच मारावी लागंल."

"आणि मावशी, हे आले तर त्या पिल्लांचं काय?"

गोदानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पिल्लांना कुणीतरी लागणारच की गं," ती म्हणाली.

तिसरी रात्र झाली. धोंडबा बंदूक घेऊन निघाला, आणि त्याच्या मागं सगुणा, अनवाणी, हातात दिवासुद्धा नाही. म्हातारा पाणवठ्यावर जाऊन एका दगडामागं बसला. ती करवंदीच्या जाळीत बसली. हातापायांना काटे लागले, पण हूं केलं नाही तिनं. बराच वेळ काही नाही. मग चिखलात चुबूक चुबूक वाजलं. तीन पिल्लं पाण्यावर आली, आणि त्यांच्या मागं ते. चांदण्यात बाळी चमकली.

बंदुकीचा घोडा चढल्याचा आवाज आला. कट्.

सगुणानं हाक मारायला तोंड उघडलं. आणि काय सांगू तुम्हाला, नावच येईना तोंडात! जीभ वळेना. इतक्या दिवसांची सवय. तोंडातून निघालं ते, "अहो!"

डुक्कर थबकलं. मान वर करून तिच्या दिशेनं बघत उभं राहिलं. उभ्या जनावरावर नेम धरायला काय लागतं? उलट वाईटच झालं की. सगुणाला रडू फुटलं. पुन्हा तोंडातून तेच, "अहो! अहो!"

मग तिला उंबरा आठवला. नाव तिनं जन्मात एकदाच घेतलं होतं, आणि ते कसं, तर उखाण्यात. तसंच येईल तर येईल. तिनं डोळे मिटले, आणि त्या काळ्या रानात, काट्यांत बसून, लग्नातला उखाणा म्हणायला लागली.

"नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, कपाळीच्या कुंकवाचे धनी रायाजी!"

डुकराचे पुढचे खूर गेले, आणि तिथं माणसाचे हात आले. दगडामागून धोंडबाला ते हात दिसले नाहीत, सुनेचा आवाज तेवढा कानावर आला. त्याला वाटलं, रानच फसवतंय आपल्याला. त्यानं दात आवळले, नेम धरला.

"कपाळीच्या कुंकवाचे धनी रायाजी!" दुसरी हाक. आणि त्याच क्षणी धाडकन बार झाला.

सगुणाला काही दिसेना, नुसता धूर. मग उखाणा नाही, भाकरी नाही, भाजी नाही, सगळी लाज सोडून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "रायाजीऽऽ!"

धूर हटला. पाण्यात रायाजी गुडघ्यांवर बसला होता. चिखलानं माखलेला, थरथरत. उजवा कान अर्धा उडाला होता, बाळीसकट, आणि रक्त मानेवरून वाहत होतं. पण माणूस होता. सगुणानं पाण्यात जाऊन त्याला मिठी मारली. धोंडबा दगडामागून उठला, आणि बंदूक तशीच हातात धरून पोराच्या कानाकडे बघत राहिला. त्यानंच तो बार काढला होता ना.

संपली का गोष्ट? नाही. तीन पिल्लं कुठं जातील? ती रायाजीच्या पायांत घुसून कुंईकुंई करत होती. आणि मग रानाच्या आतून हाक आली.

"रायाजीऽऽ."

आवाज धोंडबाचा. पण धोंडबा तर इथं उभा होता, तोंड मिटून. रायाजी अजून अर्धा रानातलाच होता. त्याचे ओठ उघडले. सगुणानं त्याच्या तोंडावर हात दाबला, दोन्ही हात दाबले, तरी तो आतून ओ देऊ बघत होता. रानानं दुसरी हाक मारली नाही. ते वाट बघत होतं. पानसुद्धा हलत नव्हतं.

धोंडबानं स्वतःचाच आवाज ऐकला होता. त्या रात्री शेतात आपण कसे ओरडलो, ते त्याला आठवलं. त्यानं पिल्लांकडे पाहिलं. मग त्याला सगळं उमगलं, आणि माणूस एकदम शांत झाला. त्यानं बंदूक खाली ठेवली. डोक्याचं मुंडासं सोडलं आणि सगुणाच्या हातात दिलं.

"पोरी," तो म्हणाला, "त्याला घरी ने. कान आधी हळदीनं बांध, मग बाकीचं."

हाक रायाजीला होती. ओ धोंडबानं दिली.

"ओऽऽ!" चांगली खणखणीत. सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी.

मग पाणवठ्यावरून एक म्हातारं डुक्कर निघालं. मागच्या एका पायानं लंगडत होतं, आणि तोंडाभोवतीचे केस पांढरेफेक होते. तीन पिल्लं जरा थांबली, त्याला हुंगलं, आणि त्याच्या मागं चालायला लागली. रायाजी "बाऽऽ" म्हणून उठायला गेला, पण पायांत जोर कुठं होता? त्या म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं नाही. रानात गेलं.

रायाजीनं बंदूक त्याच पाण्यात बुडवली. दोघं घरी आली, कान बरा झाला, पुढं मुलंबाळं झाली. सुखात राहिली दोघं, आणि ते खरंच सांगते. पण दर वर्षी नाचणी कापली की पहिली पेंढी सगुणा रानाच्या कडेला नेऊन ठेवायची. संध्याकाळी ते लंगडं डुक्कर यायचं. ते दिसलं की ती डोक्यावरून पदर घ्यायची, सासऱ्यासमोर घेतात तसा. डुकराला बघून पदर घेते म्हणून गावातल्या बायका हसायच्या. तिचं काही त्यांच्याकडे लक्ष नसायचं.

मग एका वर्षी ते आलं नाही. त्याच्या जागी तीन मोठी डुकरं आली, पेंढी खाल्ली, आणि शेताला पाय न लावता गेली. सगुणानं त्यांना पदर घेतला नाही. घरी येऊन रायाजीला सांगितलं, मामंजी गेले. मग त्यानं सुतक पाळलं.

चला, डोळे मिटा. रडायचं नाही, म्हातारा आपल्या मर्जीनं गेला. आणि रात्री बाहेरून कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, बरं का. आवाज माझा असला, तरीसुद्धा. मी मारते ती तीनदा मारते.