सागवतीच्या गोदीची मजुरी

एका राज्यात, जिथे नदी समुद्राला भेटताना अनेक मुखांनी हसते, तिथे चंडकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, उदारही होता. पण दान देताना त्याचा हात जेवढा सैल, तेवढाच मजुरी देताना घट्ट. दान दिले की लोक जयजयकार करतात. मजुरी दिली तर कोण करतो?

राजाचे एक गलबत होते. त्याचे नाव मकरी. एका लढाईत मकरीचा तळ फुटला, तेव्हा राजाने ते खाडीच्या मुखाशी असलेल्या सागवतीच्या गोदीत आणून लावले. सागवती जादूगारीण होती. तिने हात फिरवला की लाकूड आपले दुखणे सांगे. तिने फुंकर घातली की वाकडा वासा लाजून सरळ होई. उरलेले सारे काम मात्र करवतीचे, हातोड्याचे आणि घामाचे. ते ती आणि तिची माणसे करीत. करार ठरला तो असा : गलबत पाण्यावर उतरले, तळ कोरडा राहिला, की धक्क्याचा दोर सुटण्याआधी राजाने स्वतःच्या हाताने मजुरी द्यावी.

गलबत उतरले. तळ कोरडा राहिला. राजा म्हणाला, "विजयी होऊन येतो, मग देतो." आणि त्याने तलवारीने दोर तोडला.

राजा विजयी होऊन आला. सागवती मजुरी मागायला आली तेव्हा तो म्हणाला, "गलबत माझे, पाणी माझे. आता कसली मजुरी?"

सागवतीने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "राजा, आजपासून तुझ्या भांडारातले सोने काम करणाऱ्याच्या ओंजळीत पडले की त्याची ओली वाळू होईल. ज्या वेळी द्यायचे होते त्या वेळी आणि ज्या हाताने द्यायचे होते त्या हाताने माझी मजुरी मला मिळेपर्यंत हे असेच चालेल."

आणि तसेच चालले. गवंड्याला सोने दिले, त्याची वाळू झाली. कुंभाराला दिले, त्याची वाळू झाली. राजा घाबरला. त्याने सेवकांकरवी सागवतीकडे पालखीभर सोने धाडले. गोदीच्या दारात पालखीतून वाळू गळू लागली. हात दुसऱ्याचे होते आणि वेळ तर केव्हाच निघून गेली होती. कारागीर एकामागून एक राज्य सोडून गेले. पूल खचले, विहिरी बुजल्या, नावा कुजल्या. राजा भांडाराच्या पायरीवर बसून राहू लागला आणि कोणाशी बोलेनासा झाला.

राजाला एक मुलगी होती, सुवेला. ती गळक्या छपराखाली वाढली, शहाणी झाली. ती उपवर झाली त्या सुमारास पाऊस रुसला. शेते करपली. नदी आटून तिचे एकच मुख उरले. लोक झाडपाला उकडून खाऊ लागले.

अशा वेळी समुद्रापलीकडून एक खंड्या उडत आला. तो निळा होता आणि माणसासारखा बोलत होता. राजवाड्याच्या गवाक्षात बसून तो म्हणाला, "राजकन्ये, तुझ्या मामांचा निरोप आहे. आजोळची कोठारे भरलेली आहेत. हवे तेवढे धान्य घेऊन जा. पण आम्ही डोंगरातली माणसे. आमच्याकडे नाव नाही."

"आमच्याकडे एकच आहे," सुवेला म्हणाली, "आणि तीही फुटकी."

तिने मकरीच्या भेगांत चिंध्या कोंबल्या. प्रधान भद्रमुख आणि दहा-पाच धडधाकट माणसे बरोबर घेतली. गलबत दोरांनी ओढत, पाणी उपसत, ती सागवतीच्या गोदीत पोचली.

सागवती म्हातारी झाली होती. रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या सालपटांसारखे तिचे केस कुरळे आणि पिवळसर होते. तिने मकरीच्या कुशीवर हात ठेवला आणि ती बराच वेळ ऐकत राहिली.

"ओळखले मी हिला," ती म्हणाली. "पोरी, तू कोणाची?"

"चंडकेतूची. माई, माझी माणसे उपाशी आहेत. गलबत दुरुस्त झाले तर ती जगतील. मजुरी काय घ्याल आणि कधी द्यायची, ते आधी सांगा. माझ्याकडचे सोने तुमच्या हाती टिकत नाही, हे मला ठाऊक आहे."

सागवतीने तिच्याकडे निरखून पाहिले. गोदीत येऊन आधी मजुरीचे विचारणारा राजघराण्यातला माणूस तिने पाहिला नव्हता.

"ऐक तर," ती म्हणाली. "मजुरीच्या वेळा तीन. लाकडाला करवत लागण्याआधी विसार. त्याने माझ्या माणसांची चूल पेटते. फळीला फळी भिडली की दुसरा हप्ता. त्याने गोदी चालती राहते. आणि गलबत तरंगले, तळ कोरडा राहिला, की दोर सुटण्याआधी शेवटचा. तो तोवर तुझ्याकडेच राहतो, म्हणजे माझे काम खरे की खोटे हे तुला पाहता येते. सारे द्यायचे ते उजेडात, चार माणसांदेखत, हातात हात देऊन. कबूल?"

"कबूल."

"मग विसार म्हणून तांदूळ आण. भांडारातला नको, कमावलेला आण."

सुवेला निघाली. खंड्या पुढे उडत होता. तो तिला मिठागरांच्या मुलखात घेऊन गेला. तिथे क्षारक नावाचा जादूगार राहत होता. त्याच्याजवळ एक पिशवी होती. तिच्यातून रोज एका पंगतीपुरताच तांदूळ निघे, पण पुढच्या पावसापर्यंत तो सरत नसे. पण त्याच्या मिठाचा स्वभाव विचित्र होता. दाताळ्याने ओढायचे थांबले की मीठ पांढरे बगळे होऊन उडून जाई.

"दिवस मावळेपर्यंत एकही बगळा उडू देऊ नकोस," क्षारक म्हणाला. "पिशवी तुझी."

सुवेलाने दिवसभर मीठ ओढले. तळवे फुटले, जखमांत मीठ भरले, डोळ्यांपुढे पांढरे तरंगू लागले. पण एकही बगळा उडाला नाही. सूर्य टेकला तेव्हा ती क्षारकासमोर उभी राहिली.

"उद्या ये," क्षारक म्हणाला आणि हुक्का ओढू लागला.

सुवेलाला राग आला, आणि रागाहून अधिक लाज वाटली. काम तिने केले होते आणि तरी तीच भिकाऱ्यासारखी उभी होती. माझ्या घराच्या दारात किती जण असे उभे राहिले असतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिचे डोळे भरून आले. पण ती हलली नाही. तिने दोन्ही तळवे पुढे केले.

"महाराज, काम झाले आहे. हे हात पाहा आणि मग उद्या ये म्हणा."

क्षारकाने तिचे हात पाहिले.  जादूगार झाला तरी त्याच्याही मनाला लाज होती. त्याने पिशवी दिली आणि वर जखमांना लावायला तेलही दिले.

गोदीत चुली पेटल्या. सुतार पोटभर जेवले. उरलेला भात सुवेलाने धक्क्यावर जमलेल्या गावकऱ्यांना वाढला; पण साऱ्या राज्याला तो कुठून पुरणार? दुसऱ्या दिवशी करवत चालू झाली.

फळीला फळी भिडली तेव्हा सागवती म्हणाली, "आता दुसरा हप्ता. घागरभर राळ आण. ती तुझ्या गलबतासाठी नाही, माझ्या गोदीसाठी आहे."

खंड्या तिला जंगलात एका जुनाट झाडाकडे घेऊन गेला. झाडाला डोळे होते आणि त्या डोळ्यांतून राळ गळत असे. झाड म्हणाले, "ज्याने तुझ्यासाठी काही काम केले, त्याचे नाव घे आणि काय केले ते सांग. खरे असेल तर मी एक थेंब देईन."

सुवेलाला वाटले, हे सोपे आहे. तिने दाईचे नाव सांगितले. एक थेंब पडला. स्वयंपाकिणीचे सांगितले. दुसरा पडला. मग ती थांबली. तिचा पाळणा कोणी घडवला? तिच्या न्हाणीघराचा दगड कोणी बसवला? ज्या विहिरीचे पाणी ती जन्मभर प्याली, ती कोणी खणली? तिला एकही नाव येईना.

ती रिकामी घागर घेऊन नगरात परतली. कारागिरांच्या आळीत घरे ओस पडली होती, पण काही म्हातारीकोतारी मागे राहिली होती. सुवेला एकेका उंबऱ्यावर बसली आणि विचारत गेली.

"पाळणा? तो आमच्या धाकट्या दिराने केला," एक आंधळी म्हातारी म्हणाली. "त्याचे नाव गोंदाजी. पाळण्याच्या कठड्यावर मोर कोरला होता ना? मोराची मान वाकडी झाली म्हणून तो जेवला नव्हता."

"मान सुंदर होती, आजी. मी ती धरून उभी राहायला शिकले."

म्हातारी हसली आणि मग रडली. "मजुरी नाही मिळाली, ती नाही मिळाली. पण गाव सोडण्याआधी हे त्याच्या कानी घालायला हवे होते गं."

सुवेला जंगलात परतली. गोंदाजीचे नाव घेतले, थेंब पडला. विहीर खणणाऱ्या बहिर्जीचे घेतले, न्हाणीचा दगड बसवणाऱ्या येल्लूचे घेतले, छपरावर कौले चढवताना पडून लंगडी झालेल्या साळूबाईचे घेतले. नावे सरेनात आणि राळ थांबेना. घागर भरून वाहू लागली तरी ती बोलतच राहिली.

सागवतीने घागर घेतली, वास घेतला आणि सुवेलाच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तो दिवस आला. ऐन भरतीला, भर उन्हात मकरी पाण्यात उतरली. सागवतीने सुवेलाला तळात नेले. दोघींनी एकेका सांध्यावर हात फिरवला. हात कोरडे निघाले.

"काम खरे आहे, माई," सुवेला म्हणाली. "शेवटचा हप्ता सांगा."

"तो तुझा नाही, पोरी. तो तुझ्या बापाचा आहे. आणि मला तो सोन्यातच हवा."

धक्क्यावर लोक जमले होते. प्रधान भद्रमुख पुढे आला. तो दुष्ट नव्हता. त्याचीही नातवंडे उपाशी होती. तो म्हणाला, "राजकन्ये, घटकाभरात ओहोटी लागेल. मग पुन्हा एवढे पाणी चढायला पंधरवडा लागेल. पोरे मरताहेत. आधी धान्य आणू, मग देऊ. ही म्हातारी कुठे पळून जाते?"

सुवेलाने लोकांकडे पाहिले. एका बाईच्या कडेवरचे मूल रडायचेही विसरले होते. दोर तिच्या हाताशी होता. गाठ सोडायला क्षणही लागला नसता.

"प्रधानजी," ती म्हणाली, "आपल्या साऱ्या दुःखाची सुरुवात याच वाक्याने झाली. दोर सुटणार नाही." आणि ती खंड्याला म्हणाली, "बाबामहाराजांकडे जा. सांग, तीच मकरी त्याच धक्क्याला उभी आहे. दोर अजून बांधलेला आहे."

खंड्या बाणासारखा गेला. राजा भांडाराच्या पायरीवर बसला होता. निरोप ऐकून तो उठला. पालखी मागवली नाही, छत्र घेतले नाही. उपरण्यात सोने बांधले आणि खांद्यावर टाकून अनवाणी धावत सुटला. म्हातारे पाय, तापलेली वाट. तो पडला, उठला, पुन्हा धावला. पाणी धक्क्याच्या पायरीवरून खाली सरकू लागले, तेवढ्यात लोकांनी वाट करून दिली आणि राजा सागवतीसमोर येऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

त्याने उपरणे सोडले आणि स्वतःच्या हातांनी सोने तिच्या ओंजळीत ठेवले. सोने काळवंडले, ओले झाले, कडांनी विरघळू लागले. हात तोच होता, वेळही तीच होती, पण अजून काहीतरी द्यायचे राहिले होते.

"सागवती," राजा म्हणाला, "मकरीने मला तीन लढायांतून परत आणले. एकदा रात्रभर तुफान होते. साऱ्या नावा बुडाल्या. मी तळात पडून तू जोडलेल्या सांध्याला गाल लावला होता. तो कोरडा होता. मी जिवंत आहे तो तुझ्या हातांमुळे. हे तुला सांगायला मी येणार होतो. मग विजय मिळाला आणि मला ते सांगायची लाज वाटू लागली."

विरघळणारे सोने थांबले. कडा पुन्हा धरल्या. उन्हात ते असे झळकले की खंड्याने डोळे मिटले.

सागवतीने ओंजळ मिटली. "मजुरी मिळाली," ती म्हणाली. "राजा, त्या सांध्याला मला तीन दिवस लागले होते. तो कसा टिकला, हे इतकी वर्षे मला कोणी सांगितले नव्हते."

मग तिने पाण्याकडे वळून पाहिले आणि म्हणाली, "थांब जरा." ओहोटी थांबली. सुवेलाने दोर सोडला, शीड फुगले आणि मकरी खाडीबाहेर पडली.

त्याच घटकेला राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या कारागिरांच्या अंगणांत पडलेले वाळूचे ढीग सोन्याचे झाले. गवंडी परतले, कुंभार परतले. आंधळ्या म्हातारीच्या दारात गोंदाजी उभा राहिला, तेव्हा तिने सगळ्यात आधी त्याला मोराच्या मानेचे सांगितले.

मकरी धान्याने भरून आली. राजाने स्वतः धक्क्यावर उभे राहून मापे वाटली आणि पोती उतरवणाऱ्या प्रत्येक हमालाच्या हातात संध्याकाळ होण्याआधी दाम ठेवला. ढगही आले. नदीला तिची सारी मुखे परत मिळाली.

सुवेला मात्र धान्य उतरवून झाल्यावर राजवाड्यात गेली नाही. ती गोदीत गेली. सुतार, लोहार, करवत ओढणाऱ्या बाया जेवायला बसल्या होत्या. ती त्यांच्या पंगतीत बसली आणि सांगू लागली : आजोळच्या वाटेवर खडक कसा लागला, मकरी कशी कलंडली, नवी फळी कशी कण्हली पण सुटली नाही. कोणत्या बाजूची फळी, असे एकाने विचारले. डावीकडची, सुकाणूजवळची, असे ती म्हणाली. त्या माणसाने शेजाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली. ताटातला भात निवत गेला, तरी कोणी उठले नाही. "मग? मग पुढे?" सागवती विचारत राहिली, आणि सुवेला सांगत राहिली.

ज्यांनी काम करणाऱ्यांचे हात ओळखले त्यांना जसे सुख लाभले, तसे ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांना लाभो.