मातवडीच्या तळ्यावरची बिननाकाची माणसं

मातवडीच्या तळ्याला पूर्वेकडून एक लांबट दगडी कट्टा आहे. आषाढात, बैलांच्या बेंदूर सणाच्या सुमारास तिथं कुणी गेलं, तर कट्ट्यावर ओल्या मातीचे चाळीस-पन्नास गोळे ओळीनं मांडलेले दिसतात. जरा वेळ पाहिलं की कळतं, ती माणसं आहेत. एकालाही धड नाक नाही. कुणाचं पोट पायांपर्यंत आलेलं, तर कुणाच्या मांडीवर काय आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक. पाहुणे हसतात. कुंभारांचं गाव आणि ही कारागिरी, असंही एखादा बोलून जातो. कट्ट्याशेजारी राहणारे म्हातारे शिदूअण्णा अशा पाहुण्याला आधी बसवून घेतात, पाण्याचा तांब्या देतात आणि मग म्हाळू कुंभाराची हकिकत सांगतात.

गोष्ट किती जुनी, ते अण्णांनाही माहीत नाही. त्यांच्या आज्यानं ती आपल्या आज्याकडून ऐकली होती म्हणे. मडकी काय, सगळेच कुंभार घडवतात. पण गौरीचा मुखवटा घ्यावा तर म्हाळूकडचाच, अशी त्याची ख्याती होती. भादव्यात लांबलांबून लोक त्याच्या दारी येत. त्याच्या बायकोचं नाव हौसा. लेकरं दोन, सहा वर्षांची ठकी आणि दीड वर्षाचा गेनू. हौसा पाणी आणायची, मडकी थोपटायची, चूल सांभाळायची, आणि हे सगळं गेनूला कडेवर घेऊनच करायची. कारण त्याला खाली ठेवलं की तो रडून गाव गोळा करायचा.

थंडीच्या शेवटी हौसा तापानं फणफणली आणि चौथ्या दिवशी गेली. म्हाळूची विधवा बहीण राही हिनं घर हाती घेतलं. पोरांच्या खाण्यापिण्याची आबाळ झाली नाही. पण महिनाभरात गेनू राहीलाच आई म्हणू लागला. आणि एके दिवशी जेवता जेवता ठकीनं विचारलं, "बा, आईचं डोळं कसं हुतं रं?"

म्हाळूचा घास हातातच राहिला. त्या काळी तसबिरी नव्हत्या. डोळ्यांत राहील तेवढंच माणूस मागं उरायचं. हौसा एकदा गेली ती गेली, पण आता ती पोरांच्या मनातूनही पुसली जाणार, हे त्याला सोसवेना. तो तसाच उठून सटवाईच्या दगडापुढं गेला आणि बोलून बसला, की माझ्या लेकरांना त्यांची आई पुन्हा दिसेपर्यंत मी चाकाला हात लावणार नाही. देवीपुढं गेलेला शब्द मागं घेता येत नाही.

त्याला वाटलं, आठ दिवसांचं काम. ज्यानं शेकडो गौरी घडवल्या, त्याला स्वतःच्या बायकोचा चेहरा जड जावा? त्यानं तळ्यातली सगळ्यात मऊ माती आणली आणि बसला. पहिला चेहरा त्यानं मोडला. दुसराही मोडला. असं करता करता चैत्र गेला, वैशाख गेला. गावाला माठ हवे होते, ते शेजारच्या गावातून आले. लोक आधी हळहळले, मग कुरकुरू लागले. राहीला धान्याच्या कणगीचा तळ दिसायला लागला.

"आरं, मेलेलीचं त्वांड घडवताना जित्यांच्या तोंडचा घास चाललाय," ती म्हणाली. म्हाळूनं पुढचा गोळा मळायला घेतला.

ज्येष्ठाच्या अखेरीस मुखवटा झाला. आळीतल्या बाया बघायला आल्या आणि बघतच राहिल्या. इतका देखणा चेहरा कुणी पाहिला नव्हता. म्हाळूनं तो पाटावर ठेवला आणि लेकरांना समोर आणलं. गेनू राहीच्या लुगड्यामागं लपला. ठकीनं बराच वेळ न्याहाळलं, मग शहाण्या पोरीसारखे हात जोडले.

"बा, औंदाची गौर लई ग्वाड झालीया," ती म्हणाली.

तेव्हा म्हाळूलाही दिसलं. लांब भुवया, बारीक जिवणी, सरळ नाक. हौसाचं नाक तर बसकं होतं. वीस वर्षं एकच चेहरा घडवलेले ते हात; मनात हौसा होती, पण बोटं आपल्या नेहमीच्या वाटेनंच गेली. आणि खरं सांगायचं तर ती नेमकी कशी दिसायची, हे आता त्यालाही आठवेना. त्यानं मुखवटा मोडला आणि उरलेली माती अंगणात लोटून दिली.

बेंदराचा आदला दिवस उजाडला. पूजेला घरोघरी मातीचे बैल लागतात, आणि कुंभाराच्याच घरी बैल नव्हता. तेव्हा ठकीनं ती टाकलेली माती फडक्यात बांधली आणि गेनूला घेऊन ती तळ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली. बसली म्हणे बैल करायला, पण झालं भलतंच. म्हाळू आणि राही शोधत आले, तेव्हा कट्ट्यावर एक वीतभर गोळा उभा होता. डोकं नावापुरतं, चेहरा मुळीच नाही. पण तो उजवीकडे कलला होता आणि डावी कंबर बाहेर काढलेली होती. त्या कमरेवर बोटानं एक खळगा पाडला होता. ठकीनं सुपारीएवढी माती गेनूच्या मुठीत दिली.

"ह्यो तू. बस आईच्या कडंवर."

गेनूनं ती खळग्यात दाबली. मग त्या गोळ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आई." राही हाकेच्या अंतरावर होती, पण तो तिच्याकडे वळला नाही. एवढ्याशा पोराला काय कळलं असेल, असं पाहुणे इथं विचारतात. आम्ही ऐकलं तसं सांगतो, एवढंच अण्णा म्हणतात.

म्हाळूला मात्र कळलं. तशीच उभी राहायची ती, चुलीपुढं, तळ्यावर, दारात. इतके महिने जी सापडली नव्हती ती समोर उभी होती, आणि त्याला रडू आवरलं नाही. रडता रडताच सवयीनं त्याचा अंगठा पुढं झाला, नाकाची जागा जराशी चिमटायला. ठकीनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"न्हाई बा, हात नगं लावूस. तुजा हात लागला की तिची गौर हुती."

म्हाळूनं हात मागं घेतले आणि पाठीशी एकात एक गुंतवून ठेवले. नवस फिटला होता, फक्त त्याच्या हातून नाही. दुसऱ्या दिवशी चाक फिरलं.

तो गोळा भाजून जपावा, असं त्याला फार वाटलं. पण भरीव माती आव्याच्या भट्टीत फुटते. ती आतून कोरावी लागते, आणि कोरायचं तर हात लावावा लागतो. ठकी ऐकेना. श्रावणाच्या झडीत हौसा विरघळून तळ्यात गेली. म्हाळू दिवसभर पावसात कट्ट्यावर बसून होता.

"म्होरल्या साली पुन्ना करू की," ठकी म्हणाली. तिनं केलीही. त्या साली शेजारची पोरंही आली. कुणाची आजी गेली होती, कुणाचा भाऊ. गेनू मोठा झाला तोवर कट्टा भरून गेला होता.

म्हाळू पुढं पुष्कळ जगला असं सांगतात. दर साली त्या दिवशी तो पोरांच्या मागं उभा राहायचा. एखादं माणूस कलंडायला लागलं की त्याची बोटं शिवशिवायची, पण ती पाठीमागंच. तो वारला, त्या साली गेनूच्या पोरांनी त्याला घडवलं. वाकलेला गोळा, मोठं डोकं, आणि दोन्ही बाजूंना हातच नाहीत.

"आगं बया, ज्याच्या हाताची कीर्ती मुलखात, त्याचं हातच इसरली कार्टी!" एक म्हातारी बोलली.

गेनूच्या धाकट्या लेकीनं गोळा अलगद फिरवला. पाठीवर दोन हात होते. एकानं दुसऱ्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

आजही बेंदराच्या आदल्या दिवशी मातवडीची मोठी माणसं पोरांच्या मागं उभी राहतात, ती हात पाठीशी बांधून. कुणी काही सुचवत नाही, कुणी नाक काढून देत नाही. अण्णांची बायको जाऊन तीन सालं झाली. त्यांची नातवंडं दरसाल आजी करतात. यातली तुमची कुठली, असं त्या दिवशी कुणी विचारलं, तर अण्णा हनुवटीनं दाखवतात. हात पुढं काढत नाहीत.