पुढच्या भोयाची हाक

पुष्कळ पूर्वी, घाटात रस्ते नव्हते तेव्हाची ही गोष्ट. म्हाताऱ्या माणसांना घाट चढवायचा तर भोई डोलीतून नेत. डोलीमुळे मागच्या भोयांना वाट दिसत नसे. एका डोलीचा पुढचा भोई होता हैबती. तो हाक देई, "दगड!", "खड्डा!", "मोकळं!" त्या हाकेवर मागचे पाऊल टाकत.

जुन्या भोयांची आणखी एक हाक होती, "ठाऊक नाही!" ती ऐकली की सगळे पाऊल अर्धं करत आणि आधी जमीन चाचपत. हैबतीने ती बंदच करून टाकली होती. "ज्याला ठाऊक नाही त्यानं पुढं उभं राहावंच कशाला?" असं तो मिशीला पीळ देत म्हणे. खरं सांगायचं तर वीस वर्षांत त्याची हाक चुकलीही नव्हती.

एकदा हैबतीची लेक बाळंतपणात अडली. घाटापलीकडची सुईण दिवस मावळायच्या आत आणली नाही, तर लेक हाती लागणार नव्हती.

भोयांनी घाट ओलांडून सुईणीला डोलीत बसवलं आणि परत धूम ठोकली. हैबती हाका देत होता, पण नुसत्या पाठांतरातून. एका वळणावर पावसाने नवी माती वाहून आणली होती. हैबती ओरडला, "मोकळं!" तो स्वतः पार झाला, पण मागच्या भिवाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. डोली दरीकडे कलली. भिवाने दांडा सोडला नाही, म्हणून सुईण वाचली.

हैबतीने डोली टेकवून भिवाचा पाय ओढून काढला. आता तो पावलापावलाला "ठाऊक नाही!" ओरडू लागला. डोली गोगलगायीसारखी सरकू लागली आणि ऊन उतरायला लागलं.

सुईणीने पडदा सारला. "अरे बाबा, अशानं मी तुझ्या लेकीपाशी पोचायची कधी? कातळ दिसतोय तिथं पळ. नवी माती दिसली तर तिथंच थबक. बाळ आडवं आहे की उभं, हे मलाही पोटाला हात लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून काय मी सगळ्याच बायांपुढं थरथरते?"

हैबतीने डोळे पुसले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाट नीट पाहिली. उरलेल्या घाटात "ठाऊक नाही!" ही हाक चारदाच आली. त्यातल्या दोन जागी जमीन खरंच पोकळ निघाली. बाकी सगळी वाट ते पळाले.

सूर्य टेकायच्या आत सुईण घरात शिरली. थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं. लेक वाचली, नात झाली. हैबती ओट्यावर बसून पोटभर रडला आणि मग भिवाच्या सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळत बसला.

तात्पर्य: ओळखीच्या वाटेवर बेधडक चालावं, पण वाट जिथे बदललेली दिसेल तिथे "ठाऊक नाही" म्हणायला लाजू नये.